खड्डा, खर्च आणि पोच

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात रविवार, दि. २१ डिसेंबर २०२५ रोजी सभासदांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. मी म्हटलं, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडून त्याच त्या मुदत ठेवी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना ऐकून लोक कंटाळले आहेत. मला खड्ड्यांवर बोलू द्या. ते हसले. त्यांना वाटलं, मी प्रशासनावर टीका करणार आणि टाळ्या घेणार. तसं काही करणार नाही. खड्ड्यांवर विनोद करणं आपल्याकडे फार झालं आहे. मला हिशेबाचं बोलायचं आहे. खड्ड्यात गाडी आपटून नुकसान झालं, माणूस पडला, तर ते पैसे मागता येतात का, कोणाकडे, कसे, आणि मागताना आपण कुठे चुकतो. चुकण्याबाबत मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण दोन्ही वेळा मी स्वतः चुकलो आहे.

पहिली चूक २०१९ ची. तेव्हा आपल्या फाटकाबाहेर पिठाच्या गिरणीसमोर एक खड्डा होता. जुन्या सभासदांना आठवत असेल. पावसाचं पाणी साचलं की तो दिसायचाच नाही, साधं डबकं वाटायचं. जुलैच्या सुरुवातीला माझ्या वॅगन आरचं डावीकडचं पुढचं चाक त्यात गेलं. टायरची कड फाटली. नवा टायर घेतला, साडेतीन हजार गेले. संध्याकाळी कट्ट्यावर बसून महापालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या. तुम्हीही घातल्यात, मला साथ दिलीत. चहा झाला, विषय संपला.

त्यानंतर बारा दिवसांनी बी विंगमधल्या एका घरची सूनबाई स्कूटरवरून येताना त्याच खड्ड्यात पडली. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. शिवणकाम करणारी मुलगी. दोन महिने तिचं मशीन बंद. मी दूध घेऊन येत होतो, धावत गेलो. रिक्षा थांबवली, तिला दवाखान्यात नेलं. रात्री तिचे सासरे मला म्हणाले, "साहेब, तुमची गाडीसुद्धा तिथंच आपटली होती ना?"

त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. सहज विचारलं. पण मी त्या रात्री झोपलो नाही. बारा दिवस मला तो खड्डा माहीत होता. कुठे आहे, किती खोल आहे, पाणी भरलं की दिसत नाही, सगळं माहीत होतं. आणि मी कोणालाही एक ओळ लिहिली नव्हती. लिहिलं असतं तर तो बुजलाच असता असं मी म्हणत नाही. पण कोणीतरी कळवलं होतं, अमुक तारखेला कळवलं होतं, याची नोंद राहिली असती. ती नोंद तिच्या कामाला आली असती. बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की व्हाउचर नाही तर व्यवहार नाही. चौतीस वर्षं मी ते दुसऱ्यांना ऐकवलं. माझ्या गल्लीत मात्र व्हाउचर केलं नाही.

सूनबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ही गोष्ट सांगू का, असं मी त्यांना परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा काका, पण माझं नाव नको." म्हणून नाव घेतलं नाही.

आता दुसरी चूक. ती अधिक लाजिरवाणी आहे, कारण त्या वेळी मी शहाणा झालो होतो.

१८ जुलै २०२४. संध्याकाळी सातची वेळ, पाऊस चालू, शेजारी सौ. डेपोजवळच्या रस्त्यावर गाडी एका लांबट खड्ड्यात गेली, आणि डावीकडची दोन्ही चाकं एकामागून एक आपटली. आवाज असा झाला की सौ.ना वाटलं मागून कोणी ठोकलं. बिल पुढीलप्रमाणे : दोन टायर ७,२००, लोअर आर्म २,४५०, रिम १,९००, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ९००, मजुरी १,३५० आणि गाडी ओढून नेण्याचे १,५००. एकूण १५,३०० रुपये.

या वेळी मी गप्प बसलो नाही. आधी विम्याचा विचार केला. इथे थोडं थांबतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे काहीच मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर खड्ड्यात आपटणं हा अपघातच आहे, दावा करता येतो. पण नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर पैसे नाहीत. टायरबरोबर गाडीचंही नुकसान झालेलं पाहिजे, आणि तरी टायरची निम्मीच किंमत धरतात. बाकीच्या सुट्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा. त्यातून सक्तीची वजावट, लहान गाडीला साधारण हजार रुपये. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, आणि एका दाव्यात तो जातो. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हातात येणार किती आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जादा हप्ता जाणार किती, हे मांडलं. माझ्या बाबतीत विम्याकडे न जाणंच परवडत होतं. तुमचं बिल पन्नास हजारांचं असेल तर उत्तर वेगळं येईल. म्हणून आधी हिशेब, मग फॉर्म.

आणखी एक. गाडी आपटल्यावर खालून तेल गळत असेल तर इंजिन चालू करू नका. "गॅरेजपर्यंत तर जाऊ" म्हणून लोक चालवत नेतात, इंजिन जाम होतं, आणि विमा कंपनी म्हणते की हे नुकसान अपघाताचं नाही, तुम्ही नंतर गाडी चालवल्याचं आहे. तिथे आपण हरतो.

विमा सोडला आणि मी महापालिकेकडे वळलो. फोटो होते, बिल होतं, तक्रार नोंदवली, मग रीतसर नोटीस दिली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यात कलम ६३ प्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची देखभाल करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. जमलं तर करू, असं त्यात नाही. त्याच कायद्यात कलम ४८७ आहे. महापालिकेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची, एक महिना थांबायचं, मग कोर्टात जायचं. मी नोटीस दिली, आवक क्रमांक घेतला, फाइल केली. फाइलवर लेबल लावलं. सौ. म्हणाल्या, "निवृत्त झालात ते बरंच झालं, पुन्हा ब्रँच उघडलीत घरात."

दोन महिन्यांनी उत्तर आलं : सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नसून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर : सदर रस्ता यापूर्वीच महापालिकेकडे हस्तांतरित केलेला आहे. म्हणजे गाडी आपटेपर्यंत रस्त्याला बाप नव्हता. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकाच विषयाबद्दल, दीडशे शब्दांच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. चारच गोष्टी मागितल्या : रस्ता कोणाच्या ताब्यात, हस्तांतराच्या पत्राची प्रत, शेवटच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो.

हा दोषदायित्व कालावधी म्हणजे वॉरंटी समजा. आपण मिक्सर घेतो तेव्हा कार्ड जपून ठेवतो. रस्त्यालाही तसं कार्ड असतं. करारात लिहिलेल्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ते कार्ड आपल्याला कोणी दाखवत नाही, मागावं लागतं. मला कागद मिळाले. हस्तांतराचं पत्र होतं, म्हणजे रस्ता महापालिकेचाच. आणि ठेकेदाराची मुदत संपायला अजून सव्वा वर्ष बाकी होतं.

मी खूश. स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, तिसरं. प्रत्येकाची पोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये वकिली करणारा भाचा घरी आला होता. मोठ्या ऐटीत त्याला फाइल दाखवली. त्याने शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाला, "मामा, फाइल फर्स्ट क्लास आहे. पण मुदत बघितलीत का?"

त्याच कलम ४८७ मध्ये पुढे लिहिलं आहे की दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत लावायला हवा. मी नोटिशीचं वाक्य वाचलं आणि पुढचं वाक्य वाचलं नाही. १८ जुलैचे सहा महिने १८ जानेवारीला संपतात. नोटिशीचा महिना धरा, सोडा, तरी काही उपयोग नव्हता.

आपल्यातले बँकवाले हसताहेत, ते का हसताहेत ते इतरांना सांगतो. कर्जाच्या कागदांची मुदत तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत कर्जदाराची कबुलीची सही घ्यावी लागते. त्या एका सहीसाठी मी तालुक्यातल्या गावांमधून मोटारसायकलवर हिंडलो आहे. एकदा तर एका कर्जदाराच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं झाल्यावर, वधुपित्याला बाजूला घेऊन सही घेतली आहे. मुदत चुकवली म्हणून हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांना मी मेमो दिले. ते आज इथे नाहीत हे माझं नशीब.

तर माझे १५,३०० रुपये गेले. पण ती फाइल वाया गेली नाही, ते सांगतो. आपल्या आणि शेजारच्या सोसायटीतल्या अकरा जणांनी मिळून कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज केला. सोबत माहितीच्या अधिकारात मिळालेले कागद जोडले. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हटलं की ठेकेदाराची मुदत चालू आहे, त्याच्याकडून रस्ता करून घ्या, जनतेच्या पैशातून पुन्हा निविदा काढू नका. आणि काढलीत तर हेच कागद लेखापरीक्षणाकडे पाठवू. एप्रिल २०२५ मध्ये डेपो ते शाळेचा कोपरा हा पट्टा ठेकेदाराने पुन्हा केला. यंदाच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात एकच खड्डा पडला, आणि तो कोणी कळवला ते शेवटी सांगतो.

आता मुख्य भाग. यंदा एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. मुंबई उच्च न्यायालयात रस्त्यांच्या दुरवस्थेवर २०१३ पासून एक जनहित याचिका चालू आहे, न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेली. चांगले, सुस्थितीतले रस्ते मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात पूर्वीच सांगितलं होतं. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने त्यापुढे जाऊन आकडे ठरवून दिले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे पैसे इतर कायद्यांखाली जे मिळेल त्याशिवायचे आहेत. दावे ठरवायला समिती. महापालिका असेल तिथे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपालिका असेल तिथे मुख्याधिकारी आणि तेच सचिव. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाहीतर दाव्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. दिलेली रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची. आणि खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायचा.

या आदेशातलं मला सगळ्यांत मोलाचं काय वाटतं? तुम्ही म्हणाल ६ लाख. माणसाच्या जिवाची किंमत ६ लाख होत नाही. मला मोलाचं वाटतं ते शेवटचं, ४८ तास. कारण ते ४८ तास सुरू कधी होतात? लक्षात आणून दिल्यावर. म्हणजे घड्याळाला चावी आपण द्यायची आहे. २०१९ मध्ये मी ती दिली नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या ग्रुपवर 'खड्ड्यात गाडी गेली तर अडीच लाख' असा निरोप फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे आकडे मृत्यू आणि दुखापतीचे आहेत. टायर, रिम, सस्पेन्शन यांसाठी ते नाहीत. गाडीच्या नुकसानीचा मार्ग जुनाच : नोटीस आणि दिवाणी दावा. तिथे आपल्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. रस्ता कोणाचा, त्यांनी निष्काळजीपणा केला तो कसा, नुकसान त्या खड्ड्यामुळेच झालं हे कशावरून, आणि रक्कम किती. समोरचे म्हणणार, तुम्ही वेगात होता. म्हणणार, खड्डा आदल्या रात्री पडला, आम्हाला माहीतच नव्हता. या दुसऱ्या उत्तराला एकच तोड आहे. तुमच्या आधी कोणीतरी केलेली तक्रार, तारखेसह. माझी तक्रार तुमचा पुरावा होते, तुमची माझा. म्हणून स्वतःचं काही नुकसान झालेलं नसतानाही खड्डा कळवायला हवा.

आता कामाच्या सूचना, एकेक करून. समोरच्या मुलांनी मोबाइलवर लिहून घेतलं तरी चालेल.

पहिलं, माणसाकडे बघा. कोणी पडलं असेल तर ११२ लावा आणि आधी दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं? आपण म्हणतो, "गाडीवरून पडलो." केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं. "अमुक ठिकाणी रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे पडलो" असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहतं. पोलिस ठाण्यातही कळवा.

दुसरं, फोटो. खड्ड्याचा जवळून, शेजारी पाण्याची बाटली किंवा चप्पल ठेवून, म्हणजे मोठेपणा कळतो. मग लांबून, मागे दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल असा. मग गाडीचा. फोटोत तारीख-वेळ येऊ द्या. दोन साक्षीदारांची नावं आणि फोन नंबर. दुसऱ्या दिवशी गेलात आणि रात्रीत कोणी खडी टाकून गेलं, तर तुमच्या हातात काय राहिलं?

तिसरं, तक्रार, त्याच दिवशी. महापालिकेच्या ॲपवर करा, फोनवर करा, पण शक्य तर कागदावरसुद्धा करा आणि प्रतीवर शिक्का घ्या. पोच. पोच. पोच. हा शब्द तीनदा मुद्दाम म्हटला.

चौथं, बिलं. गॅरेजचं बिल जीएसटी क्रमांकासह घ्या. "बिलाशिवाय केलं तर दोनशे कमी" हा मोह टाळा. मेकॅनिककडून एक ओळ लिहून घ्या की नुकसान जोरदार आपटल्यामुळे झालं आहे, झिजेमुळे नाही. बदललेले भाग काही दिवस सांभाळा.

पाचवं, रस्ता कोणाचा ते शोधा. शहरातला बहुतेक महापालिकेचा, पण सगळा नाही. तुमच्या मुलांचे, नातेवाइकांचे पत्ते वेगवेगळे आहेत म्हणून सांगतो. मुंबई महापालिकेला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात नोटिशीचं कलम ५२७. नगरपालिकांना १९६५ चा कायदा, कलम ३०४. राज्य शासनाचा रस्ता असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० आणि दोन महिन्यांची नोटीस. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३ हा मदत क्रमांक आहे. तिथे केलेल्या कॉलचीही वेळ लिहून ठेवा.

सहावं, मुदत. सहा महिने हे कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. वकील यात पळवाटा सांगतील, सांगू द्या. आपण सहा महिने धरूनच चालायचं. माझ्यासारखं स्मरणपत्रांच्या नादी लागू नका. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही.

सातवं, दुप्पट मागू नका. विम्याकडून जे मिळालं ते पुन्हा महापालिकेकडून मागणं हा खोटेपणा आहे, आणि तो उघडा पडतो. वजावट, घसारा, बुडालेला बोनस, म्हणजे जे खिशातून गेलं तेवढंच मागा.

मागच्या रांगेतून आत्ता एक प्रश्न आला, तो सगळ्यांसाठी वाचतो. "पंधरा हजारांसाठी वकिलाला वीस हजार कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. मीही म्हणणार नाही की प्रत्येक टायरसाठी कोर्टात जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो, लोकअदालतीत तो ठेवला जातो, त्याला कोर्ट फी लागत नाही. त्यांचा मदत क्रमांक १५१००. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. हे आपल्या घरात किती जणींना माहीत आहे? समोरचा पक्ष तडजोडीला तयार झाला नाही तर हा मार्ग तिथेच थांबतो, हेही खरं. पण विनाखर्चाचा मार्ग आधी चालून बघायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न एका वहिनींचा, आणि तो मला जास्त बोचला. "पैसे मागायला कसंसंच वाटतं. लोक म्हणतील, पडण्याचे पैसे केले."

वहिनी, ही लाज मी काउंटरच्या पलीकडून खूप पाहिली आहे. नवऱ्याच्या विम्याचा दावा करायला आलेली बाई मान खाली घालून उभी राहते आणि कर्ज बुडवणारा खुर्ची ओढून बसतो. मला नेहमी वाटायचं, हे उलटं आहे. सूनबाईंचं मशीन दोन महिने बंद होतं. तो पैसा कोणाच्या तरी खिशातून गेलाच की! त्यांच्या गेला. ज्यांनी रस्ता करायचे पैसे घेतले त्यांच्या खिशातून तो जावा, एवढंच मागणं आहे. आणि मालमत्ता कराचं बिल आपण एक महिना चुकवून बघा, तिकडून कोणाला कसंसं वाटत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे. फाटकाच्या आतले रस्ते महापालिकेचे नाहीत, आपले आहेत. तिथे कोणी पडलं तर नोटीस सचिव साहेबांना येणार. (हशा.) हसू नका, नोटीस आली की दंडाची वर्गणी आपणच भरायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आत मुरूम होता, बाहेर चिखल होता, आणि श्रमदानाने आपण पायवाट केली होती. पहिल्या पावसाळ्यात विटा टाकून एकमेकांचा हात धरून मुलांना बसपर्यंत नेलं. तेव्हा कुठे खाचखळगा आहे ते प्रत्येकाला ठाऊक असायचं आणि प्रत्येक जण मागच्याला ओरडून सांगायचा, "जपून, इथे खोल आहे." ते ओरडून सांगणं मधल्या काळात बंद झालं. आता आपण काच वर करतो आणि वळसा घालून पुढे जातो. मीही गेलो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी समितीकडे एकच मागणी आहे, आणि तिला खर्च चाळीस रुपये. ऑफिसात एक जाडी वही ठेवा. खड्डा दिसला की सभासदाने येऊन लिहायचं : तारीख, जागा, खूण, कोणी पाहिला. मॅनेजरने त्याच दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार पाठवायची आणि आवक क्रमांक वहीत लिहायचा. तिसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. वर्षाअखेरीस ती वही वार्षिक सभेत हिशेबाबरोबर मांडायची. उद्या आपल्यातलं कोणी, किंवा आपल्याकडे पेपर टाकणारा पोरगा, कामाला येणारी बाई, त्या खड्ड्यात पडली, तर ती वही घेऊन आपण समितीपुढे उभे राहू शकतो.

डेपोच्या रस्त्यावर यंदा पडलेला तो एक खड्डा कोणी कळवला, ते सांगायचं राहिलं. सूनबाईंनी. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, शेजारी त्यांची चप्पल ठेवलेली. तक्रारीच्या तिसऱ्या दिवशी खड्डा बुजला. मला त्यांनी फोटो दाखवला तेव्हा मी काही बोलू शकलो नाही. सहा वर्षांपासूनचं एक व्हाउचर त्यांनी माझ्या वतीने पास केलं, असं मला वाटलं.

वही मी आजच आणली आहे, ही बघा. पहिली नोंद सकाळीच केली. "सी विंगच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, आवारातला रस्ता, सुमारे दोन फूट लांब, चार इंच खोल. पाहणार : अस्मादिक." सचिव साहेब, अर्ज तुमच्या टेबलावर आहे. पोच अजून मिळालेली नाही.